काळे कंगवे कुठे गेले?

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कंगव्यांच्या कारखान्यामागचा खताचा वाफा उकरण्यात आला. त्यात काहीही सापडलं नाही.

उकरताना चौघं हजर होते. कारखाना चालवणारा थोरला मुलगा, त्याची बायको, त्याची धाकटी बहीण आणि एका हॉटेल कंपनीच्या खरेदी विभागाकडून आलेल्या तपासनीस बाई. फावडं थोरल्याच्या हातात होतं. चाळणी बाईंनी स्वतःच्या गाडीतून आणली होती, कारण दुसऱ्याच्या चाळणीवर त्यांचा विश्वास नव्हता आणि हे त्यांनी आल्या आल्या सांगूनही टाकलं होतं.

काही सापडलं नाही ही पहिल्यांदा आनंदाची बातमी वाटली. धाकटीने तर टाळी वाजवली. मग तिच्या लक्षात आलं की वाफा संपूर्ण उकरून झाला आहे, आणि तिचे हात टाळीतच राहिले.

चार महिन्यांपूर्वी त्या वाफ्यात दोन प्रकारचे कंगवे पुरले होते. डाव्या अर्ध्यात पांढरे. त्यांचं प्लास्टिक धाकटीने जंतूंकडून करवून घेतलं होतं. उजव्या अर्ध्यात काळे, कारखान्यातले नेहमीचे. हॉटेलवाल्यांची अट सोपी होती. पाहुणा खोलीतला कंगवा एकदा केसांतून फिरवतो आणि टाकून देतो. असा टाकलेला कंगवा चार महिन्यांत मातीत विरून गेला पाहिजे. म्हणजे उकरल्यावर पांढरे मिळता कामा नयेत. काळे मात्र जसेच्या तसे मिळाले पाहिजेत. काळे मिळाले तर जागा तीच आहे, कोणी हात लावलेला नाही आणि पांढरे खरोखरच विरले, हे सिद्ध होणार होतं. काळे कंगवे साक्षीदार होते. साक्षीदारच फरार झाले होते.

"पांढरे नाहीत. छान," तपासनीस बाई म्हणाल्या. "काळे कुठे आहेत?"

थोरल्याने उजव्या कोपऱ्यात पुन्हा एकदा फावडं मारलं.

"हे बघा, माझ्यापुढे रिकामा वाफा आहे. रिकामा वाफा तर माझ्या सोसायटीच्या बागेतही आहे. त्याला मी पास करू का?"

थोरल्याने बहिणीला बाजूला घेतलं. "खरं सांग. तुझ्या जंतूंनी माझेही खाल्ले?"

"दादा, माझे जंतू प्लास्टिक खात नाहीत, बनवतात. खाणारे मातीतले. ते वेगळे. आणि काळे कंगवे त्यांनाही पचत नाहीत."

"नक्की?"

"पचले असते तर तू कंगवे विकत बसला नसतास. सगळं जग आपापला कचरा घेऊन आपल्या फाटकाशी उभं असतं."

"मग गेले कुठे? त्यांना दात आहेत, पाय नाहीत."

थोरल्याचा हा विनोद वाया गेला. धाकटी कारखान्याच्या मागच्या खोलीकडे बघत होती. त्या खोलीत तिची टाकी होती, आणि आजच्या वाफ्यावर ती खोलीच पणाला लागली होती. बहीणभावांचं ठरलं होतं तसं: चाचणी पास झाली, तर खोली कायमची धाकटीची. नाही झाली, तर टाकी बाहेर आणि दात घासायच्या ब्रशांच्या मुठी पाडणारं नवं मशीन आत. मशीन थोरल्याने पसंत करून ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात ते यायचं होतं. टाकीला वाफ लागते, स्वच्छ पाणी लागतं, न जाणारी वीज लागते. हे सगळं असलेली दुसरी खोली धाकटीला कोणी देणार नव्हतं. प्रयोगशाळेतली नोकरी तिने याच खोलीच्या भरवशावर सोडली होती.

टाकीत काय चालतं, हे घरात सगळ्यांना जेवणाच्या टेबलावर समजावून झालं होतं. मातीत काही जंतू असे असतात की खायला भरपूर मिळालं की ते जास्तीचं अन्न अंगात साठवून ठेवतात. आपल्या पोटावर चरबी चढते, त्यांच्या अंगात प्लास्टिकचे कण चढतात. धाकटीने हे साठवण्याचं कसब ज्या जनुकांत असतं, ती उचलून दुसऱ्या, भराभर वाढणाऱ्या जंतूंत बसवली होती. त्यांना साखरेचं पाणी द्यायचं, उबेत ठेवायचं, आणि ते गलेलठ्ठ झाले की फोडून आतली पांढरी भुकटी काढायची. गंमत म्हणजे मूळच्या मातीतल्या जंतूंना अडचणीच्या वेळी हा साठा मोडून खाता येतो. धाकटीच्या जंतूंना ते येत नाही. ती कळ तिने बसवलेलीच नव्हती.

"म्हणजे नुसतं साठवतात आणि स्वतःवर कधीच खर्च करत नाहीत?" वहिनीने विचारलं होतं.

"हो."

"वन्सं, तुम्ही एवढं शिकलात कशाला? असं एक मी आधीच घरात आणलंय."

थोरला त्यावर मान खाली घालून जेवत राहिला होता.

भुकटीचा कंगवा करणं हे मात्र जंतूंच्या हातचं काम नव्हतं. हे प्लास्टिक लाडावलेल्या पोरासारखं वागतं. जरा जास्त तापलं की जळतं, जरा कमी तापलं की साच्याच्या टोकापर्यंत पोचत नाही. सुरुवातीच्या कंगव्यांना दात यायचे आणि डब्यात पडता पडताच तुटायचे. ते जमवून दिलं बाबांनी. कारखाना त्यांनीच उभा केलेला. आता तो मुलाकडे सोपवला असला तरी साच्यांवरचा हक्क त्यांनी सोडला नव्हता. दोन आठवडे ते मशीनशी हुज्जत घालत होते. शेवटी एक अख्खा पांढरा कंगवा निघाला तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या उरल्यासुरल्या केसांतून फिरवला आणि म्हणाले, "चालेल. पण वास साखरेचा येतोय. मुंग्या लागतील."

वास येत नव्हता. पण बाबांशी वाद घालायची पद्धत त्या घरात नव्हती.

आणि वाफ्याबद्दल बाबांना काही सांगायचं नाही, असं ठरलं तेही याच पद्धतीनुसार. बाबांच्या कारखान्यात कंगवा कधी फेकला जात नसे. दात तुटलेला, वाकडा, जमिनीवर पडून पायाखाली आलेला, कसलाही कंगवा असो. उचलायचा, धुवायचा, चक्कीत दळायचा आणि पुन्हा मशीनमध्ये घालायचा. साच्यातून निघणाऱ्या काड्यासुद्धा ते वेचून ठेवत. आपली मुलं चांगले, नवे, विकायला काढलेले कंगवे मोजून मातीत घालणार आहेत हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी आधी फावडं लपवलं असतं आणि मग मुलांना. म्हणून ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते, त्या दिवशी कंगवे पुरण्यात आले. कल्पना थोरल्याची. "नंतर सांगू," असं तिघांनी ठरवलं. नंतर कोणीच सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

साडेदहापर्यंत थोरल्याने वाफ्याच्या चारी बाजूंनी हात-हातभर जमीन आणखी उकरली. एक झाकण, एक चमचा आणि बरीच गांडुळं निघाली. तपासनीस बाईंनी चमचासुद्धा चाळून घेतला.

"कुत्र्याने नेले असतील," वहिनी म्हणाली.

"कुत्रा कंगवे कशाला नेईल?"

"तुम्ही केस विंचरत नाही म्हणून जगात कोणीच विंचरू नये का?"

"तू चहा आण बरं."

"चहा आणते. पण बाईंसाठी. तुम्ही उकरा."

बाईंनी चहा घेतला, साखर नको म्हणून सांगितलं आणि घड्याळ पाहिलं. धाकटी त्यांच्यासमोर चिखलाच्या हातांनी उभी होती. "अजून एक संधी द्या," असं म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात फाटकाचा आवाज झाला.

बाबा आले. डोळे तपासून घ्यायला गेले होते. डॉक्टरांनी दृष्टी तरुणासारखी झाली आहे असं सांगितल्यामुळे खुशीत होते. मागच्या अंगणातला खड्डा, चाळणी आणि चार मातकट माणसं पाहून ते थांबले.

"काय हरवलंय?"

"काही नाही, बाबा," थोरला म्हणाला.

"काही नाही म्हणून एवढं खणतंय कोण? बोल की."

"कंगवे," धाकटी म्हणाली.

"कंगवे? ते होय? ते मी केव्हाच काढले."

वाफ्याभोवती शांतता पसरली. बाबांना वाटलं, कौतुकाची आहे. ते पुढे सांगू लागले. "नवा डोळा नसता तर दिसलंही नसतं. वाऱ्याने वरची माती उडाली होती आणि दात बाहेर आले होते. जवळ जाऊन बघतो तर कंगवा! उपसत गेलो तर एकामागून एक. कोणातरी शहाण्याने चांगला माल मातीत गाडला होता. चोरीचा असणार. मी म्हटलं, बोभाटा कशाला? गुपचूप धुतले, चक्कीत घातले. त्याचे दुसरे कंगवे होऊन गेलेसुद्धा."

थोरला फावड्यावर रेलला. वहिनीने पदर तोंडावर दाबला. ती हसत होती की काय, ते कळलं नाही.

"बाबा," धाकटी अगदी हळू म्हणाली, "तुम्ही काढलेत ते काळे ना?"

"काळे. हो."

"पांढरे होते का त्यात?"

प्रश्न चार शब्दांचा होता, पण सगळी चाचणी त्यात आली होती. पांढरे तेव्हाच विरून गेले असतील, बाबांना फक्त काळे मिळाले असतील, तर धाकटी जिंकली होती. बाबांनी काळ्यांबरोबर पांढरेही उपसले असतील, तर वाफ्यात काही न मिळण्याला काही अर्थ नव्हता. तपासनीस बाईंनी कप खाली ठेवला.

बाबांनी मुलीकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. सुनेकडे, मग चाळणीवाल्या अनोळखी बाईंकडे. इथे काहीतरी बरोबर उत्तर आहे आणि ते आपल्याला माहीत नाही, एवढं त्यांच्या ध्यानात आलं.

"तुला काय पाहिजे बाळ?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "होते की नव्हते?"

"आजोबा," तपासनीस बाई म्हणाल्या, "आठवतं तेवढंच सांगा."

"आता आठवायचं म्हणजे..." बाबांनी कपाळ चोळलं. "पांढरं काहीतरी होतं. एखाददुसरं. का ते हाड होतं? नाही, हाडाला दात कसे असतील? असतात म्हणा काही हाडांना."

"पांढरं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?" धाकटीने विचारलं.

याला मात्र बाबांना विचार करावा लागला नाही. "पांढरं काळ्याच्या चक्कीत घालायला मी काय खुळा आहे? पांढऱ्या डब्यात टाकलं असणार."

पांढरा डबा हा गुडघ्याएवढा पत्र्याचा डबा होता. पांढऱ्या कंगव्यांची मोडतोड त्यात साठायची आणि पांढऱ्या मालाची पाळी आली की दळली जायची. पाळी अजून आली नव्हती. डबा काठोकाठ भरलेला होता.

सगळी वरात डब्याशी गेली. आत शेकडो पांढरे तुकडे, सगळे एकसारखे.

"यातला जंतूंचा कुठला आणि नेहमीचा कुठला, हे कसं ओळखणार?" बाईंनी विचारलं.

"बादली आणा," धाकटी म्हणाली.

नेहमीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं, ते तरंगतं. जंतूंचं जड असतं, ते बुडतं. धाकटीने डब्यातले तुकडे ओंजळी-ओंजळीने पाण्यात सोडायला सुरुवात केली. तरंगले. पुढची ओंजळ. तरंगले. थोरला बादलीवर इतका वाकला होता की वहिनीने त्याची कॉलर धरून ठेवली. दर ओंजळीला धाकटीचा चेहरा जरा जरा उजळत होता: एकही बुडाला नाही तर एकही पांढरा कंगवा डब्यात आला नव्हता, म्हणजे बाबा पोचले तेव्हा वाफ्यात एकही नव्हता.

डबा संपत आला तेव्हा एक तुकडा बुडाला.

धाकटीने कोपरापर्यंत हात घालून तो काढला. अर्धा कंगवा होता. एका बाजूचे दात झिजून बुटके झाले होते, काही नाहीसेच झाले होते. पाठीवर बारीक बारीक खड्डे पडले होते, आणि कागदासारखा तो कडेला पातळ होत गेला होता.

"हा खाल्लेला आहे!" धाकटी ओरडली. "बघा, मातीने खाल्लाय हा!"

"किंवा साच्यातूनच असा निघाला असेल," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला दात तुटायचे, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलं होतं."

"ओ बाई," बाबा पुढे झाले, "दात तुटतील. पण माझ्या साच्यातून असा देवी आल्यासारखा माल निघत नाही. निघालाच तर मी साचा विकीन आणि घरी बसेन."

"बाबा, तुम्ही घरीच बसायचं ठरलंय," थोरला म्हणाला.

"तू गप. चांगले कंगवे गाडतोस आणि वर बोलतोस."

बाईंनी अर्धा कंगवा उन्हात धरून पाहिला, नखाने खरवडला, भिंगातून पाहिला. भिंगही त्यांचं स्वतःचंच होतं. मग त्यांनी मान्य केलं की हा मातीत होता आणि मातीने खाल्ला आहे. "आता प्रश्न एवढाच की आजोबांनी तो बाहेर काढला कधी. ऑपरेशननंतर लगेच, तर मातीने फारच झपाट्याने खाल्ला. मी आज पास करते. मागच्या महिन्यात काढला असेल, तर एवढ्या दिवसांत अर्धाच खाल्ला, मग नापास."

सगळे पुन्हा बाबांकडे वळले.

"वारा होता त्या दिवशी," बाबा म्हणाले.

"वारा रोज असतो, बाबा."

वहिनीला युक्ती सुचली. "बाबा, तेव्हा तुम्ही डोळ्यात थेंब घालत होतात का? थेंब पहिला महिनाच होते."

"घालत होतो! पक्कं आठवतंय. हात धुतले, कंगवे धुतले आणि मग थेंब घातले."

धाकटीने वहिनीला मिठीच मारली.

"पण थेंब मी कालही घातले," बाबा म्हणाले.

"काल? डॉक्टरांनी कधीच बंद केले ना?"

"बाटली संपायची होती. टाकून कशी देणार?"

मिठी सुटली. वहिनीच्या साडीवर दोन चिखलाचे पंजे उमटले होते.

"किती खाल्लाय त्यावरून किती दिवस मातीत होता, हे काढता येणार नाही का?" थोरल्याने विचारलं. दिवसभरातला त्याचा हा पहिला कामाचा प्रश्न होता.

"येईल," धाकटी म्हणाली. "आपल्या वाफ्यातली माती किती वेगाने खाते, हे कळलं तर."

"ते कसं कळेल?"

"कंगवे पुरून."

"किती दिवस?"

"चार महिने."

थोरल्याने फावडं खाली टाकलं. "माझं मशीन पुढच्या आठवड्यात येतंय गं."

"मला माहितीये, दादा."

"मी काय मुद्दाम करतोय का?"

"नाही. मुद्दाम कोणीच काही केलेलं नाही. म्हणून तर भांडताही येत नाही."

तपासनीस बाईंनी चाळणी झटकली आणि गाडीत ठेवली. अर्धा कंगवा त्यांनी पाकिटात घालून घेतला. आमच्या तज्ज्ञांना दाखवते, म्हणाल्या. त्यांना झिजेवरून अंदाज आला तर ठीक, नाही आला तर निकाल नापासच धरावा लागेल. जाताना त्या बाबांपाशी थांबल्या.

"आजोबा, एक विचारू? तो चमचा आणि ते झाकण वाफ्याच्या कडेला तुमच्या नजरेतून कसं सुटलं?"

"ते आमच्या कारखान्यातले नाहीत," बाबा म्हणाले.

दुपारी नवे कंगवे पुरण्यात आले, काळे आणि पांढरे. या वेळी बाबांना समोर उभं करून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. प्रत्येक कंगवा मातीआड होताना ते दुसरीकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी एवढीच सूचना केली की पुरायचेच असतील तर तुटके पुरावेत. ती सूचना फेटाळण्यात आली.

पुढच्या बुधवारी मशीन आलं. मागच्या खोलीत टाकी तशीच असल्यामुळे हमालांनी विचारलं, कुठे ठेवायचं. थोरला दारात उभा राहून बराच वेळ आत बघत होता. मग त्याने ते तूर्त व्हरांड्यात ठेवायला सांगितलं. तूर्त म्हणजे कधीपर्यंत, असं धाकटीने विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही.

बुधवारी संध्याकाळची स्थिती अशी: मशीन व्हरांड्यात आहे, त्यावरची ताडपत्री सोडलेली नाही. टाकी चालू आहे. नवे जंतू कालपासून साखर खाताहेत. तपासनीस बाईंच्या कार्यालयात दोनदा फोन केला. अर्धा कंगवा तज्ज्ञांकडे पोचला आहे, त्यांच्यात मतभेद आहेत, एवढंच तिथून समजलं.